डाव्या हाताचं माप

लातूरच्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं आलेल्या बाईला बांगड्या भरायच्या असल्या, की ती सरळ शहजादीच्या दुकानाच्या पायरीवर येऊन टेकायची. मग ती रेणापूरची असो, मुरुडची असो, नाहीतर मागच्या गल्लीतली. निदान चार वर्षांपूर्वीपर्यंत तरी असंच होतं. आता बाया पायरी चढायच्या, शहजादीकडं बघून तोंडभर हसायच्या, आणि तिच्या खांद्यावरून आत डोकावून विचारायच्या, "ती नांदेडवाली न्हाई का आज?"

नांदेडवाली म्हणजे शहजादीची सून, कहकशां. विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, हे भांडण कितीतरी वर्षं चालू आहे. ते मिटेल तेव्हा मिटेल, शहजादीच्या दुकानात मात्र नांदेड कधीच जिंकून बसलं होतं.

"नमाज पढून राहिली ती," शहजादी सांगायची. सकाळच्या अकरा वाजता कुठली नमाज, हे त्या बायांना ठाऊक नव्हतं, तेवढं तिच्या पथ्यावर पडायचं. कहकशां आतल्या बाजूला बसून मालाची खोकी उघडत असायची. तिला सगळं ऐकू जायचं, पण ती हूं की चूं करायची नाही. तिचं हे न बोलणंच शहजादीला जास्त झोंबायचं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शहजादीनं पस्तीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या सासूनं, हुस्नाबींनी, आधी तिचा हात बघितला होता आणि तोंड मागाहून. "हात कामाचा हाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मग त्यांनीच शिकवलं. बाईचा पंजा आपल्या पंजात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी जे हाड असतं ते चाचपायचं, पंजा असा दाबायचा की चारही बोटं एकमेकांच्या कुशीत शिरतील, आणि बाईला काहीतरी विचारून बोलण्यात गुंतवून बांगडी चढवायची. सगळा खेळ त्या अंगठ्याच्या हाडाचा. ते हाड कळलं की माप कळलं.

शहजादी माणसं हातावरून ओळखायची. रस्त्यात कुणी "चाची, ओळखलं का?" म्हणालं, तर ती कावरीबावरी होऊन उगीच हसायची. तीच बाई दुकानात येऊन हात पुढं करू दे, की शहजादी म्हणायची, "अगं, तू व्हय! दोन सालामागं तेलानं भाजलेलं न्हवं का तुला?" काचेवर घासून घासून तिच्या स्वतःच्या बोटांवरच्या रेघा मात्र पुसून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात अंगठा लावला की मशीन लाल दिवा दाखवायचं. सरकारच्या मशीनला शहजादी ओळखू येत नव्हती. गोलाईतल्या बायांना येत होती, आणि तिचं त्यावर भागत होतं.

आणि दुसरा एक मान होता. बांगड्या भरून झाल्या की बाई उठून भरणारीला वाकून नमस्कार करते. जुना रिवाज आहे. हा मान वयाचा नाही आणि जातीचाही नाही, भरणाऱ्या हाताचा आहे. शिवमूर्ती अप्पांच्या घरातल्या नीलाबाई शहजादीपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, कपाळाला भस्म आणि गळ्यात इष्टलिंग. त्यासुद्धा दर संक्रांतीला वाकायच्या. शहजादी हात कपाळाला लावून म्हणायची, "सुखी ऱ्हावा." दिवसातून तीस-चाळीस वेळा कुणीतरी आपल्यासमोर वाकतंय, याची माणसाला सवय लागते. सवय लागली आहे हे कळतं कधी, तर बाया शेजारच्या पाटावर बसलेलीसमोर वाकायला लागतात तेव्हा.

कहकशांचे वडीलही नांदेडला बांगड्यांचंच दुकान चालवायचे, त्यामुळं कामाला ती नवखी नव्हती. पण तिची रीत वेगळी. आधी बाईच्या हाताला डब्यातलं मलम चोळायची, पीठ तिंबावं तसा पंजा सैल करायची, हळू आवाजात म्हणायची, "टेन्शन नका घेऊ, भाभी." बाया डोळे मिटून घ्यायच्या. चक्क डोळे मिटायच्या! शहजादीपुढं बसलेल्या बाया दात-ओठ खायच्या, आणि आजवर त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. एकदा शहजादीनं आपल्या नवऱ्याच्या, नासिरच्या, हातून तसलंच मलम गुपचूप मागवलं आणि एका जुन्या गिऱ्हाइकावर लावून बघितलं. ती बाई म्हणाली, "चाची, आज हाताला तेल लागलंय का तुमच्या?" शहजादीनं तो डबा त्याच दिवशी मोलकरणीला देऊन टाकला. तिचा मत्सर असा होता. त्याला ना धड भांडण जमत होतं ना धड नक्कल.

घरात हुस्नाबींनी घालून दिलेला नियम होता, की आपल्या हातात आपण बांगडी भरायची नाही, दुसऱ्याकडून भरून घ्यायची. हुस्नाबी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी शेवटच्या ईदेला भरलेल्या डझनातली एकच बांगडी आता शहजादीच्या डाव्या हातात उरली होती. उजवा हात मोकळा होता. कहकशां दर ईदेला पाटावर बसून म्हणायची, "अम्मी, हात द्या न." शहजादीचं उत्तर ठरलेलं. "असू दे. कामाच्या हाताला अडचण व्हती." खरी अडचण अशी, की हात दिला असता तर मागाहून वाकावं लागलं असतं.

तर त्या वैशाखात शिवमूर्ती अप्पांच्या नातीचं, रुद्राणीचं लग्न ठरलं. मुलगा नांदेडचा. हे ऐकून शहजादी मनात म्हणाली, घ्या, अजून एक नांदेड. पण चुड्याच्या दिवसाची वाट ती महिनाभर बघत होती. नीलाबाईंचे हात तिनं भरलेले. त्यांची सून, रुद्राणीची आई मंजुश्री, उदगीरहून त्या घरात आली तेव्हापासून तिचेही. रुद्राणी पाळण्यात असताना तिच्या मनगटात पहिल्या काळ्या बांगड्याही तिनंच घातलेल्या. आता लग्नाचा हिरवा चुडा. गोलाईतल्या उरलेल्या सगळ्या बाया नांदेडवालीनं नेल्या तरी चालतील, हे एक घर आपलं, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

मंजुश्रीचा फोन आला.

"चाची, शुक्रवारी रुद्राणीचा चुडा हाय. तुमी तर घरच्याच. पण या टायमाला भरायला कहकशांला धाडता का? पोरगी पुण्याला राहून लई नाजूक झालीया. चाची लई दाबतात म्हणून आत्तापासून रडून राहिली बघा."

"धाडते की," शहजादी म्हणाली. "त्यात काय."

"आन तुमी जेवायला या बरं का. न्हाई म्हनायचं न्हाई."

जेवायला! ज्या घरात ती पस्तीस वर्षं हातात डबा घेऊन गेली, पाटावर बसली, तीन पिढ्यांचे हात मांडीवर घेतले, तिथं आता तिनं पंगतीत बसून आमटी ओरपायची होती. तिनं फोन ठेवला. कहकशांला तिनं एवढंच सांगितलं, "शुक्रवारी अप्पांच्या घरी तू जायचं."

"मी?" कहकशांचा चेहरा उजळला. तिनं तो लगेच आवरला, पण शहजादीनं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी जीशान, शहजादीचा मुलगा, त्या घरी हिरव्या बांगड्यांचे नमुने दाखवून आला. येताना माप म्हणून रुद्राणीची एक बांगडी घेऊन आला. कहकशांनं ती बोटावर फिरवली. "दोन-सहा," ती म्हणाली, आणि दोन-सहाच्या हिरव्यागार बांगड्या कागदात गुंडाळायला लागली. दोन्ही हातांना एकवीस-एकवीस.

शहजादीनं ती बांगडी बघितली. उजव्या हाताची होती.

रुद्राणी दहा वर्षांची असताना नागपंचमीला झोक्यावरून पडली होती. डावा हात मोडला होता. रेणापूरच्या एका माणसानं हाड बसवून दिलं, पण अंगठ्याच्या मुळाशी वाटाण्याएवढं टेंगूळ राहिलं ते राहिलंच. पुढच्या संक्रांतीला पोरगी शहजादीच्या कानाशी येऊन कुजबुजली होती, "चाची, आईला सांगू नका, पण दोनी हात सारखेच दिसू द्या." तेव्हापासून शहजादी तिच्या डाव्या हातात एक माप मोठी बांगडी भरायची. आता उजव्याला दोन-सहा, तर डाव्याला दोन-आठ. घरात कुणाला हे कळलं नव्हतं, कारण तिनं कधी कळू दिलं नव्हतं. आता पोरीच्या डाव्या मनगटात नुसतं घड्याळ असायचं, त्यामुळं तिचं तीही विसरली असणार.

शहजादीनं तोंड उघडलं. तेवढ्यात कहकशांचा फोन वाजला. पलीकडून मंजुश्री काहीतरी म्हणाली आणि कहकशां खळखळून हसली, "अवो भाभी, तुम्ही कशाला घाबरताय, मी हाय न." मी हाय न! शहजादीनं तोंड मिटलं. गिऱ्हाइकाचं गुपित असं कुणाला सांगायचं नसतं, असं तिनं स्वतःला बजावलं. ते किती खोटं आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांपुढं दिसत होतं, की बांगडी अडलीय, पोरगी किंचाळलीय, नवऱ्याकडच्या बाया एकमेकींकडं बघताहेत, आणि नीलाबाई म्हणताहेत, "बोलवा शहजादीला." हे शेवटचं वाक्य तिनं मनात दोन-तीनदा घोळवून ऐकलं. ते लई गोड लागलं.

शुक्रवारी ती जेवायला गेली नाही. अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं आणि दुकानात बसून राहिली. फोन मांडीवर ठेवला. बाराच्या सुमाराला फोन वाजला. नाव कहकशांचं. शहजादीनं तो वाजू दिला. अडलं वाटतं, ती मनात म्हणाली. फोन पुन्हा वाजला. यावेळी तिनं तो पालथा करून गादीवर ठेवला आणि समोरच्या बाईच्या हाताकडं लक्ष दिलं. फोन थरथरत थरथरत गादीच्या कडेला गेला आणि थांबला. सुनेनं बोलावून जायचं नव्हतं तिला. नीलाबाईंनी बोलवावं, तिच्या नावानं बोलवावं, अशी तिची इच्छा होती.

तासाभरानं मंजुश्रीचा फोन आला. शहजादीनं पहिल्या रिंगलाच उचलला. चपला पायरीखाली कुठं आहेत तेही बघून ठेवलं.

"चाची! काय सून मिळाली वो तुमाला! एकच बांगडी वाढली बघा, पन पोरीच्या अंगाला वरखडा न्हाई. नवऱ्याकडच्या, लोहा गावच्या बाया आल्यात, त्या तर तिचा नंबर लिवून घेऊन राहिल्या. थांबा, आत्याबाईंना बोलायचंय."

नीलाबाईंचा थकलेला आवाज आला. "शहजादे, तुज्यासारखाच हात हाय गं तिचा. मला दिसतंय कमी, मला वाटलं तूच बसलीस."

शहजादीनं काहीतरी बोलून फोन ठेवला. हातसुद्धा आता तिचा राहिला नव्हता. तिच्यासारखाच आणखी एक निघाला होता आणि तो वीस-बावीस वर्षांनी तरुण होता.

दुपार कलताना कहकशां परत आली. रिक्षातून उतरताना तिनं डबा डाव्या हातात धरला होता. उजव्या पंजाला पांढरं बँडेज होतं, मधोमध तांबूस झालेलं.

"काय झालं गं?" शहजादीनं विचारलं.

"काय न्हाई. डाव्या हाताची तिसरी बांगडी अडली. रुद्राणीनं हात वडला, बांगडी गेली, काच माझ्या पंजात शिरली." कहकशां पाटावर बसली. "बाकीच्या तशाच चढवल्या. माझा पंजा मध्ये घालून, हळूहळू. रक्त दिसू नये म्हणून ओढणी गुंडाळली होती. येताना डॉक्टरकडं गेले. चार टाके पडले."

"अठरा बांगड्या? कापल्या हातानं?"

"लग्नाचा चुडा हाय, अम्मी. अर्धा कसा सोडायचा."

शहजादीनं अशा वेळी नेमकं हेच केलं असतं. तिला हे ऐकून आणखी एकदा हेवा वाटला, आणि त्या हेव्याची पहिल्यांदाच तिला शरम वाटली.

कहकशांनं डब्याचं झाकण लावलं, काढलं. मग म्हणाली, "अम्मी, एक विचारू? तिच्या डाव्या हाताचं तुम्हाला ठाऊक होतं न?"

नाही म्हणायला काय लागत होतं? बारा वर्षं झाली, विसरले, म्हातारी झाले. कुणीही मानलं असतं. पण समोर बँडेज होतं, आणि पस्तीस वर्षांत शहजादीमुळं कुणाच्या हातातून असं रक्त आलं नव्हतं.

"हाव," ती म्हणाली. "ठाऊक होतं."

"मी फोन केलते. दोनदा. दोन-आठच्या पाठवा म्हणायला."

"बघितलं होतं."

कहकशांनं मान हलवली. "मला वाटलं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही नमाज पढून राहिल्या असाल." आणि उठून आत गेली. घरात तिनं जीशानला काही सांगितलं नाही, नासिरलाही नाही. काच लागली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी लग्नसराईची गर्दी होती. कहकशांला काम नव्हतं, पण ती घरी थांबली नाही. दुकानात येऊन खोक्यावर बसली, बँडेजचा हात मांडीवर ठेवून. बाया पायरी चढायच्या, तिच्याकडं बघून चुकचुकायच्या आणि मुकाट्यानं शहजादीपुढं हात करायच्या. चार वर्षं जे मागितलं ते एका दिवसात पदरात पडलं होतं. सकाळपासून अकरा बाया भरून झाल्या. अकराही जणी उठून वाकल्या. प्रत्येक वेळी शहजादीचा हात कपाळाशी गेला, पण "सुखी ऱ्हावा" तोंडातून धड निघेना.

बाराव्या बाईच्या वेळी तिचं लक्ष कहकशांकडं गेलं. बाई वाकत होती आणि कहकशां तिच्या वाकलेल्या पाठीकडं बघत होती. ओठ मिटलेले, मान थोडी पुढं आलेली, डावा हात उगीचच हवेत कुणाचा तरी पंजा दाबल्यासारखा मिटत-उघडत होता. शहजादीनं ते तोंड लगेच ओळखलं. चेहरे न ओळखणाऱ्या बाईनं ओळखलं, कारण चार वर्षं ते तिचंच होतं. पोरगी एका दिवसात कुणीच उरली नव्हती. खोक्यावर बसलेली एक सून, बस.

मुरुडची एक बाई समोर येऊन बसली होती. शहजादीनं तिचा हात हातात घेतला आणि सोडून दिला. पाटावरून उठली, खोक्यापुढं जाऊन खाली बसली, आणि आपला उजवा हात, सहा वर्षं मोकळा असलेला, कहकशांपुढं केला.

"भर," ती म्हणाली.

"अम्मी, माझा हात..."

"डावा हाय की."

"डाव्या हातानं दुखंल तुम्हाला."

"दुखू दे."

"अवो चाची, माझं राह्यलं की!" मुरुडची बाई ओरडली.

"थांब गं बाई. तुमचेच भरून राहिले जलमभर."

कहकशांनं डाव्या हातात सासूचा पंजा घेतला. अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. हुस्नाबींनंतर हा हात असा कुणी धरला नव्हता.

"दोन-आठ लागतील, अम्मी."

"छट. मला दोन-सहा हुतात."

"हुत व्हत्या. हाड वाढलंय आता. वयानं वाढतं."

साऱ्या गोलाईची मापं पाठ असलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं. तिनं हात तसाच पुढं ठेवला. कहकशांनं मलम लावलं आणि डाव्या, न सरावलेल्या हातानं पंजा दाबला. दुखलं. चांगलंच दुखलं, डोळ्यात पाणी आलं. एक बांगडी वाढली, काचा दोघींच्या मांडीवर पडल्या, कहकशांनं त्या वेचल्या आणि दुसरी घेतली. शहजादीनं हात मागं घेतला नाही. ती मध्येच म्हणाली, "नीलाबाईंचा उजवा पंजा थंडीत सुजतो. ध्यानात ठेव." कहकशां म्हणाली, "हाव." सहा बांगड्या व्हायला अर्धा तास लागला आणि मुरुडच्या बाईनं दोनदा जांभई दिली.

भरून झालं. शहजादी उठली, पदर सावरला. मग रिवाजाप्रमाणं ती सुनेपुढं वाकली.

"अम्मी! काय करून राहिलात!" कहकशांनं पाय ओढून घेतले.

"भरणारीपुढं वाकतात," शहजादी वाकलेलीच म्हणाली. "नांदेडला न्हाई का रिवाज?"

कहकशां गडबडली. कापलेला हात कपाळाकडं गेला आणि रोज शंभरदा म्हणायची सवय असल्यानं तोंडातून निघूनच गेलं, "सुखी ऱ्हावा." मग तिनं जीभ चावली.

शहजादी सरळ झाली, पाटावर जाऊन बसली आणि मुरुडच्या बाईचा हात ओढून मांडीवर घेतला. त्या बाईनं तक्रार केली की चाची लई दाबता तुमी, तेव्हा तिनं खोक्याकडं न बघता डावा हात मागं केला आणि म्हणाली, "ते मलम दे गं इकडं."